चौथी फेरी

"वाचा की," साहेब म्हणाले. "कागद उलटा धरलाय का?"

थोरली कंपनीच्या माणसाने कागद सुलटाच धरला होता. त्यावरचा वेगाचा आकडा त्याच्या गळी उतरत नव्हता, एवढंच. पण प्रयोगशाळेचा नियम म्हणजे नियम. चाचणी संपली की एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या माणसाने सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणजे मागाहून कोणी 'आम्हाला कळलंच नाही' म्हणायला नको. त्याने टायची गाठ चाचपली.

"नऊशे बारा."

"आणि तुमचा आठशे एकाहत्तर," समोरच्या खुर्चीतले काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

तपासनीस बाई खिडकीपाशी चाचणीच्या टेबलाशी उभी होती. वय अवघं अठ्ठावीस, पण हुद्दाच तसा असल्यामुळे ऑफिसात सगळे तिला बाई म्हणत. हे दोन्ही आकडे तिने सकाळपासून तीन-तीन फेऱ्या घेऊन काढले होते, आणि काकांचा चेहरा बघून तिलाही आतून बरं वाटत होतं.

शहरातल्या शाळांसाठी बाराशे संगणक घ्यायचे होते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बनवणाऱ्या दोन कंपन्या या शर्यतीत शेवटपर्यंत उरल्या होत्या. त्यांची खरी नावं लांबलचक होती आणि ती फक्त कागदोपत्री वापरली जात. ऑफिसात सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. एका घरात आलेल्या दोन जावाच त्या. थोरली आधी आली, किल्ल्या तिच्या कमरेला. धाकटी कितीही राबली तरी स्वयंपाक चांगला झाल्याचं श्रेय थोरलीलाच. वर्षाआड दोघी नवा प्रोसेसर काढत आणि आपलाच कसा वेगवान ते जगाला ओरडून सांगत. साहेब एकदा फोनवर कोणाला तरी "आमच्याकडे आज जावांचं भांडण आहे" असं सांगत होते, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "जावा भाषा येणारे दोन प्रोग्रॅमर आहेत माझ्याकडे, पाठवू का?"

काका धाकटीचे. एकोणीस वर्षं ते या तिसऱ्या मजल्यावर मशीनचं खोकं घेऊन चढत होते. सुरुवातीला त्यांचं खोकं कोणी टेबलावरसुद्धा ठेवू द्यायचं नाही, दाराजवळ चपलांच्या कपाटाशेजारी ठेवायला सांगायचं. काका ठेवायचे. आकडा वाचला जायचा, धाकटी दुसरी यायची, काका थोरलीच्या माणसाशी हात मिळवायचे आणि खोकं उचलून उतरायचे. थोरलीची माणसं बदलत गेली. आताचा हा टायवाला सहावा की सातवा. काका तेच राहिले.

आज पहिल्यांदा धाकटी पुढे होती. तेही थोडंथोडकं नाही, एकेचाळीसने.

काकांनी खिशातून फोन काढला आणि जरा बाजूला होऊन हळू आवाजात बोलले, पण खोली लहान असल्याने सगळ्यांनाच ऐकू आलं. "अगं, ऐक. आज आपलं झालं. हो. हो, माझ्यासमोर वाचलं. नाही, रडायला काय झालं तुला?"

"चार वाजता सह्या," साहेब म्हणाले. "तोवर चहा घेऊ. बाई, तुम्हीही चला. आज झोप झालीय ना?"

हा प्रश्न साहेब महिनाभर रोज विचारत होते आणि त्यात काळजीपेक्षा टोचणी जास्त होती. महिन्यापूर्वी, बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेवरून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, तिने एका मशीनवर पंखा बसवला होता आणि त्याच्या बुडाची पारदर्शक पट्टी काढायला विसरली होती. प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचलीच नाही, मशीन तापून रखडलं, आकडा पडला आणि त्या कंपनीने आकाशपाताळ एक केलं. साहेबांना माफीचं पत्र लिहावं लागलं. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला असं पत्र लिहावं लागणं किती झोंबतं हे तिला कळत होतं. पत्र पाठवून झाल्यावर त्यांनी तिला शांतपणे सांगितलं होतं, "अजून एकदा असं झालं, तर तुम्ही खाली आवक-जावकच्या टेबलावर. तिथे पट्ट्या नसतात."

तेव्हापासून तिने स्वतःला एक सवय लावून घेतली. नियमाप्रमाणे तीन फेऱ्या घ्यायच्या आणि सगळे चहाला गेले की चौथी. ही कुठेच लिहायची नाही. आपल्या मनासाठी घ्यायची. घराचं कुलूप लावल्यावर परत येऊन ओढून बघावं तशी.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आलेच."

धाकटीचं मशीन तिने पुन्हा सुरू केलं, तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघराच्या मावशी.

"अगं, मुंगीचे मोजे पाठवले नाहीस. पाय गार पडलेत तिचे."

मुंगी म्हणजे तिची चौदा महिन्यांची मुलगी. रांगताना सरळ रेषेत जायची आणि वाटेत पडलेला कण न् कण उचलून तोंडात घालायची, म्हणून मुंगी.

"गार म्हणजे किती गार? निळे नाही ना पडले?"

"निळे कशाला पडतील? मजेत खेळतेय. तू उद्या मोजे दे म्हणजे झालं. तुझा जीव म्हणजे नुसता टांगणीला."

"जेवली का पण?"

"जेवली, झोपली, उठली. ठेव आता."

फोन कानाखांद्यात धरून ती एक आठवण लिहून ठेवत होती. पडद्यावर 'मुंगीचे मोजे' नावाची नोंद करून ठेवली की निघताना ती दिसेल, असा विचार. पण बोलण्याच्या नादात बाण भलत्याच जागी होता. फोन ठेवून तिने पाहिलं तर चाचणीच्या प्रोग्रॅमचंच नाव बदललेलं. 'मापदंड' जाऊन तिथे 'मुंगीचे मोजे' असं झालं होतं. तिला हसू आलं. नावाने काय होतंय, फेरी झाल्यावर बदलू, म्हणून तिने तसाच प्रोग्रॅम चालवला.

आकडा आला सातशे अठ्ठ्याण्णव.

पट्टी. पहिला विचार पट्टीचाच. तिने मशीन बंद केलं, पंखा सोडवला, बुड बघितलं. स्वच्छ होतं. उष्णता वाहणारा लेप नव्याने लावून पंखा परत बसवला, चारही स्क्रू मोजून. खोलीचं तापमान बघितलं. सकाळी होतं तेच. पुन्हा चालवलं. सातशे सत्त्याण्णव.

एकाच मशीनने सकाळी तीनदा नऊशे बाराच्या आसपास दाखवावं आणि दुपारी शंभराहून जास्त घसरावं, हे कसं? सकाळपासून आतापर्यंत बदललं तरी काय? एकच गोष्ट. तिला स्वतःलाच ते बावळटासारखं वाटलं, तरी तिने नाव पुन्हा 'मापदंड' केलं.

नऊशे दहा.

'मुंगीचे मोजे' केलं. सातशे नव्याण्णव.

'मापदंड' केलं. या वेळी तिने मशीनच्या मागे, गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे हात उलटा करून धरला, मुलीचा ताप बघताना धरते तसा. हवा भाजणारी होती. नाव बदलल्यावर तीच हवा कोमट. भिंतीतल्या प्लगवर वीज मोजणारं मीटर होतं. त्याकडे चाचणीच्या वेळी कोणी बघत नसे, कारण तक्त्यात विजेचा रकानाच नव्हता. तिने बघितलं. 'मापदंड'ला एकशे अडुसष्ट वॅट, 'मोज्यां'ना एकशे एकवीस. आणि कंपनीने तर लेखी दिलं होतं की मशीन एकशे पंचवीसच्या वर जाणार नाही.

ती स्टुलावर टेकली आणि मग सगळं स्वच्छ दिसलं. घरी कोणी आलं की मुंगी कशी वागते? आत्याबाई आल्या की वाटीतलं सगळं संपवते, रडत नाही, टाळ्या वाजवून दाखवते. आत्याबाईंची पाठ वळली की वाटी जमिनीवर. हा प्रोसेसर अगदी तसाच. 'मापदंड' हे नाव दिसलं की त्याला कळतं, पाहुणे आले. मग तो वाटेल तेवढी वीज ओढून जीव तोडून धावतो. दुसरं कुठलंही नाव दिसलं की घरचाच कारभार. शाळेतली मुलं काही 'मापदंड' चालवणार नव्हती.

थोरलीचंही मशीन तिने तपासलं. 'मापदंड'ला आठशे एकाहत्तर, 'मुंगीचे मोजे'ला आठशे एकोणसत्तर. थोरली कोणी असो-नसो, तशीच वागत होती.

साहेब चहाहून परतले तेव्हा ती त्यांच्या खोलीच्या दारातच उभी होती. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"गेल्या महिन्यातसुद्धा मशीनचीच चूक होती का?"

"नाही. ती माझी होती. ही माझी नाही."

"कशावरून?"

"मी सात वेळा करून बघितलं."

"बाई, आकडे वाचून झालेत. दोघांनी ऐकलेत. आता मी बाहेर जाऊन काय सांगू, की आमच्या तपासनीस बाईंनी प्रोग्रॅमला मोज्यांचं नाव दिलं आणि निकाल फिरला? लोक हसतील. तुम्हाला हसतील, मला हसतील. आवक-जावकचं टेबल रिकामंच आहे अजून."

तिच्या डोळ्यांपुढे ते तळमजल्यावरचं टेबल आलं. खिडकी नाही, लिफाफे आणि शिक्के. पदवी घेऊन, चार वर्षं या टेबलाशी उभं राहून, शेवटी शिक्के. भीती वाटायला हवी होती. एरवी मुलीच्या साध्या शिंकेने तिच्या छातीत धडधडायचं. पण सात वेळा बघितलेल्या गोष्टीबद्दल मात्र तिचं मन विहिरीच्या तळासारखं स्थिर होतं.

"बसेन मी तिथे," ती म्हणाली. "पण या कागदावर माझी सही होणार नाही. आणि उद्या शाळांतून मशीन रखडल्याच्या तक्रारी आल्या ना, साहेब, तर त्या आवकेत मीच नोंदवून घेईन."

या आवाजात ती कधी बोलली नव्हती.

"काकांना कोण सांगणार?" साहेब म्हणाले.

"मी."

काका बाहेरच्या बाकावर बसले होते, शेजारी टायवाला. दोघं कुठल्याशा जुन्या प्रोसेसरबद्दल बोलत होते आणि काका हसत होते. तिने तिथेच उभं राहून सांगितलं, कारण बसून सांगितलं असतं तर धीर सुटला असता. कुठे आडवळण घेतलं नाही. काकांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, विझायचं विसरल्यासारखं.

"पोरी, तू मशीन उघडलंस का?"

"पंखा काढला होता, काका. परत बसवला. पण त्याच्या आधीच आकडा पडला होता."

"मग बसवताना काही—"

"माझ्यासमोर पुन्हा करून बघा. तुम्हीच करा. मी हातसुद्धा लावणार नाही. नावही तुमच्या मनाचं द्या."

टायवाला उठून उभा राहिला होता. "काका, राहू द्या ना," तो म्हणाला. "आकडा वाचलाय मी. मी काही बोललो का?"

"तू बस," काका म्हणाले. "थोरलीचा आहेस, थोरल्यासारखा वाग."

आत येऊन ते चाचणीच्या टेबलाशी बसले. एकोणीस वर्षांत या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते. ती मागे हात बांधून उभी राहिली. प्रोग्रॅमच्या नावावर बाण नेऊन ते थांबले.

"काय नाव देऊ?"

"काहीही. घरातलं एखादं."

काकांनी जरा विचार केला आणि एका बोटाने दोन अक्षरं लिहिली. 'अहो'.

साहेबांनी पडद्याकडे मान पुढे केली. "हे काय?"

"घरात मला हेच नाव आहे. एकतीस वर्षं दुसरं ऐकलेलं नाही."

फेरी सहा मिनिटांची होती. मीटरचा आकडा एकशे एकवीसवर येऊन थांबला आणि जागचा हलला नाही. काका पडद्याकडे बघण्याऐवजी त्या मीटरकडेच बघत होते. एकोणीस वर्षांत त्यांनीही ते कधी बघितलं नसावं.

सातशे सत्त्याण्णव.

काकांनी मग न विचारताच नाव पुन्हा 'मापदंड' केलं आणि आणखी सहा मिनिटं बसून राहिले. मीटर वर चढलं. एकशे अडुसष्ट. नऊशे अकरा.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "'अहो' ऐकलं की मीसुद्धा असाच ढिला पडतो म्हणा." पण त्या विनोदावर त्यांना स्वतःलाच हसता आलं नाही. "आमच्या लोकांनी आत काहीतरी भरून ठेवलंय. मला बोलले नाहीत. बोलले असते तर मी खोकं उचललंच नसतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं हे आम्हाला कळतं, काका," साहेब म्हणाले.

"कळून काय करता? यांचंही बघा आता. न्याय तो न्याय."

थोरलीच्या मशीनवर 'अहो' चालू झालं तशी टायवाल्याने टाय सैल केला. त्याचा चेहरा उतरला होता. आपल्या आत काय भरलंय हे त्यालाही कुठे माहीत होतं? सहा मिनिटं तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. आठशे सत्तर आला तेव्हा त्याने श्वास सोडला, आणि लगेच काकांकडे बघून मान खाली घातली.

चारला पाच मिनिटं होती. साहेबांनी नवा कागद घेतला. "लिहा, बाई. काही तांत्रिक कारणास्तव चाचणी पुन्हा घेण्यात आली..."

"तसं नको," काका म्हणाले. "उद्या कोणीतरी म्हणेल, या बाईनेच घोळ घातला. असं लिही, पोरी. धाकटीच्या प्रतिनिधीच्या मागणीवरून चाचणी पुन्हा घेतली. प्रोग्रॅमचं नाव बदलल्यावर धाकटीचा आकडा एकशे चौदाने कमी भरला. ही फेरी प्रतिनिधीने स्वतःच्या हाताने घेतली."

"काका, असं लिहिलं तर तुमचे वरचे लोक—"

"ते बघतील काय बघायचं ते. तू लिही."

तिने लिहिलं. धाकटीच्या जागी तिचं खरं नाव, बाकी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. काकांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला, 'प्रतिनिधी'ची शेवटची वेलांटी ऱ्हस्व झाली होती ती पेनाने दीर्घ केली आणि खाली सही केली, ठसठशीत. मग टायवाल्याने. मग साहेबांनी. सगळ्यात शेवटी तिने.

साहेबांनी चाचणीचा तक्ता पुढे ओढला. मग त्यांनी खणातून पट्टी काढली आणि शेवटच्या रकान्याच्या पुढे एक उभी रेघ ओढली. वरच्या चौकटीत लिहिलं, 'वीज'.

"उद्यापासून चौथी फेरी नियमात," ते म्हणाले. "नाव बदलून. छापायला टाका नवे तक्ते." आणि दारापर्यंत जाऊन, मागे न बघता, "आज तुम्ही लवकर गेलात तरी चालेल."

काका आपलं मशीन खोक्यात भरत होते. तिने एका बाजूने धरायला हात पुढे केला. त्यांनी नको म्हटलं नाही. दोघांनी मिळून थर्माकोल बसवला.

"घरी फोन करायचाय का? इथून करा हवं तर," ती म्हणाली.

"नको. समोर बसून सांगेन. फोनवर तिला वाटेल, मी थट्टा करतोय." त्यांनी खोक्यावर चिकटपट्टी ओढली. "तुझी मुलगी केवढी?"

"चौदा महिने."

"मोजे घाल तिला," काका म्हणाले.

ती साडेचारलाच निघाली. पाळणाघरात रोज सहाला सगळ्या आया जमत आणि रोज सहाला मुलं आंघोळपावडर करून ओळीत बसलेली असत. आज तिला दीड तास आधी जायचं होतं, न कळवता. मावशींवर संशय होता असं नाही. फक्त बघायचं होतं.

चौकात आली तेव्हा पलीकडच्या बाजूला काका दिसले. खोकं खांद्यावर होतं. पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल होता आणि रस्ता दोन्हीकडून मोकळा, लांबवर एकही गाडी नाही. दोन मुली बोलत बोलत त्यांच्या शेजारून निघून गेल्या. एक सायकलवाला गेला. एका माणसाने जाता जाता मागे वळून 'चला की' असा हात केला. काका उभेच होते. त्यांनी खोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, दिव्याकडे बघत राहिले, आणि तो हिरवा झाल्यावर डावीकडे बघून, उजवीकडे बघून, चालू लागले.